वुड फॉर लाइफ: ओंडके पोचतात, सरपण करायचं बाकी राहतं

२०१९ मध्ये ॲरिझोनातली कायेंटा कोळसा खाण बंद झाली आणि तिथला कोळसा जाळणाऱ्या नवाहो या मूलनिवासी जमातीच्या घरांपुढे हिवाळ्याचा प्रश्न उभा राहिला. दुसरीकडे कोकोनिनो आणि कायबाब राष्ट्रीय वनांत वणव्याचा धोका घटवायला पाँडरोसा पाइनची विरळणी चालते. त्यातल्या बारीक खोडांना गिऱ्हाईक मिळणं मुश्कील. ‘वुड फॉर लाइफ’ हीच खोडं नवाहो आणि शेजारच्या होपी जमातीच्या वस्त्यांवर पोचवते. योजना मनापासून आवडली. पाचपैकी चार गुण.

एक गुण कापला तो शेवटच्या टप्प्यासाठी. चॅप्टर हाउसपाशी, म्हणजे नवाहोंच्या स्थानिक कारभाराच्या केंद्रापाशी, लांबच लांब ओंडके उतरतात; तिथून पुढे चेनसॉ, फोडयंत्र, पिकअप आणि धडधाकट माणसं लागतात. एकट्या आजीच्या घरी यातलं काहीच नसतं. ट्रकइतकीच कापायची-फोडायची सोय महत्त्वाची, आणि ती सगळीकडे सारखी नाही.

लाकूड ओलं आलं तर घाई नको. साधारण १६ इंचांचे तुकडे करा, फोडा, जमिनीपासून उचलून रचा, फक्त वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. निदान एक उन्हाळा जाऊ द्या. ओल २० टक्क्यांखाली यायला हवी: टोकांना चिरा पडतात आणि दोन तुकडे आपटले की खणखणीत वाजतात. ओलं पाइन जाळलंत तर धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एखाद्या रात्री तोच पेटतो. कोळशाच्या शेगडीत जाळीखालून भरपूर हवा येते, म्हणून लाकूड भराभर संपतं. जाळीवर राखेचा थर राहू द्या, खालची झडप बरीचशी बंद ठेवा. पाइन पेटवणीला उत्तम, रात्रभराच्या उबेला मात्र जुनिपरचं लाकूडच.

आणखी एक. साल असलेले ताजे ओंडके वसंतात जिवंत पाइनला टेकवून ठेवू नका. सालीखाली इप्स भुंगेरे वाढतात आणि बाहेर पडून शेजारच्या झाडांवर चढतात. २००२-०३ च्या दुष्काळात याच कुळातल्या भुंगेऱ्यांनी पिन्यॉन या छोट्या पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवली होती.

खरी अपेक्षा पुढची आहे. चुस्का डोंगर आणि डिफायन्स पठारावर नवाहोंचं स्वतःचं पाँडरोसा जंगल आहे. जून २०१४ मध्ये असायी लेक वणव्याने चुस्कातलं १३ हजार एकरांहून जास्त रान जाळलं. तिथल्या विरळणीचं लाकूडही याच साखळीत यावं, तेही चॅप्टरच्या अंगणात फोडून, रचून.