अशरचं घर, ड्रमशिवाय

मी ड्रम वाजवतो. त्यामुळे ब्रिटिश गायक-संगीतकार पीटर हॅमिलने स्वतःच्याच 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' या रॉक ऑपेऱ्यातले सगळे ड्रम काढून टाकले आणि १९९९ साली तो नव्याने बाहेर काढला, हे कळलं तेव्हा मला रागच आला होता. १९९१ची मूळ आवृत्ती मी भरपूर ऐकलेली.

मग हा ऑपेरा ज्यावर बेतलाय, ती एडगर अ‍ॅलन पोची १८३९ची कथा पुन्हा वाचली. रॉडरिक अशरचे कान इतके हळवे झालेत की काही ठरावीक तंतुवाद्यांचे सूर सोडले, तर कुठल्याही आवाजाने त्याचा थरकाप होतो. मी तिथेच थांबलो. अशा माणसाच्या घरात ड्रम वाजणार तरी कसे? हॅमिलने त्या जागी गिटारींचे थरावर थर चढवलेत, स्टुअर्ट गॉर्डनचं व्हायोलिन आणलंय आणि स्वतःचे सगळे भाग पुन्हा गायलेत. रॉडरिकही तोच गातो आणि ते घरही तोच. भिंती बोलायला लागतात तेव्हा माणूस कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, हे कळत नाही. अंगावर काटा येतो.

'बीटिंग ऑफ द हार्ट' लागलं तेव्हा सवयीने मांडीवर बोटं आपटून मी ठेका धरायला गेलो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा हात मांडीखाली घेतला आणि नुसता ऐकत बसलो. गाण्याच्या नावातच ठोके आहेत, आणि ते मोजायला आधार कसलाच नाही!

लेनी लोविचने गायलेली मॅडलिन, म्हणजे रॉडरिकची बहीण, मला फार आवडते. तिच्या आवाजाला एक विचित्र धार आहे. माँट्रेसॉर झालेला अँडी बेल मात्र या काळोखात जरा जास्तच स्वच्छ वाटतो. कथेतल्या बिननावाच्या मित्राला हे नाव ऑपेऱ्यात मिळालंय, तेही पोच्याच दुसऱ्या एका कथेतलं. ख्रिस जज स्मिथच्या संहितेत वैद्याचा प्रसंग थोडा रेंगाळतो.

सुटी गाणी ऐकू नका. अंक सहा आहेत, ते एका बैठकीत, हेडफोन लावून ऐका. शेवटी मॅडलिन दाराकडे येते तेव्हा मध्ये कुणी हाक मारायला नको.