दसऱ्यानंतर सुरू केलेली अंगणवाडी: सहा महिन्यांचा अनुभव

आमचा मुलगा मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या अंगणवाडीत जाऊ लागला, त्याला आता सहा महिने पूर्ण झाले आहेत. त्याचे नाव घातले तेव्हा वाडीतील बहुतेकांचे म्हणणे असे होते की, मुलाला शाळेत घालायचे ते जूनमध्ये. मध्येच घातलेले मूल रुळत नाही. आम्हाला नेमका उलट अनुभव आला. ज्यांच्या घरी अडीच-तीन वर्षांचे मूल आहे त्यांना उपयोगी पडावा म्हणून तो येथे सविस्तर लिहीत आहे.

जूनचा प्रयोगही आम्ही केला होता. मुलाचा जन्म ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला असल्याने जूनमध्ये तो दोन वर्षे आठ महिन्यांचा होता. जवळच्या शहरातील एका खाजगी बालवर्गात आम्ही त्याला घातले आणि तीन आठवड्यांत काढून घेतले. कोकणात वर्षभरात पडणारा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि त्यातले पहिले जोरदार दिवस नेमके शाळा सुरू होण्याच्या वेळीच येतात. सकाळी रिक्षात ओले व्हायचे, बंद खिडक्यांच्या खोलीत तीन तास बसायचे आणि अक्षरे गिरवायची, एवढेच त्याच्या वाट्याला आले. दोनदा ताप आला. दारातून आईने गुपचूप निघून जावे अशी तेथील पद्धत होती, आणि तिचा परिणाम असा झाला की घरातही मी दुसऱ्या खोलीत गेले तरी तो रडत पाठोपाठ येऊ लागला. ती भीती जायला गणपती उजाडले.

त्यानंतर आम्ही घाई केली नाही. नवरात्रात सासूबाईंनी घट बसवला तेव्हा परडीतल्या मातीत धान्य त्याच्याच हाताने पेरून घेतले. रोज सकाळी उठल्याबरोबर तो रुजवण किती वाढले ते बघायला जाई. दिवस मोजण्याची त्याची पहिली ओळख ती. दसऱ्याला कोंब कानामागे खोवून तो घरभर फिरला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला अंगणवाडीत घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी बाईंनी मला बसवून घेतले आणि सांगितले, "ताई, तुम्ही न सांगता जाऊ नका. रडला तर रडू दे, पण 'मी घरी जाऊन भात टाकून येते' असे सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळेला या." मला हे फार महत्त्वाचे वाटते. पहिले दोन दिवस मी पूर्ण वेळ बसले, तिसऱ्या दिवसापासून अर्धा तास बाहेर, मग एक तास. नवव्या दिवशी त्याने स्वतःच मला "तू जा" असे सांगितले. दिवाळीत मुंबईहून नातेवाईक आले आणि आमच्याकडून आठ दिवस खंड पडला. त्यानंतर चार दिवस पुन्हा रडारड झाली; ती धरूनच चालावे. पाचव्या दिवशी ती थांबली आणि पुन्हा उद्भवली नाही.

दसऱ्यानंतरची वेळ अनुकूल का ठरली, याचे मुख्य कारण माझ्या मते असे की, त्या दिवसांत आमच्याकडे सारे जगणे पुन्हा घराबाहेर येते. पाऊस ओसरला की शेवाळ धरलेले अंगण खणून, ढेकळे फोडून, पाणी मारून, लाकडी चोपण्याने चोपून सपाट करतात आणि मग शेणाने सारवतात. यालाच आमच्याकडे खळे करणे म्हणतात. तीन वर्षांच्या मुलासाठी याहून चांगला खेळ मी पाहिलेला नाही. माती फोडायला मिळते, पाणी ओतायला मिळते, लहान चोपणे घेऊन दणादण आपटायला मिळते, आणि हे सारे करताना कोणी ओरडत नाही, कारण ते खरे काम असते. आमच्या मुलाने आजोबांबरोबर चार दिवस खळे केले. अंगणवाडीसमोरचे खळेही त्याच आठवड्यात झाले. बाईंनी मुलांना हाताने माती दाबायला लावली, आणि सारवल्यानंतर वाळेपर्यंत त्यावर पाय द्यायचा नाही हा नियम सतरा मुलांनी निमूटपणे पाळला. घरी जे चालले आहे तेच येथेही चालले आहे, हे दिसल्यावर ती खोली त्याला परकी वाटेनाशी झाली असावी.

अंगणवाडी या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नव्याने कळला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, म्हणजे कोकणच्याच उत्तर टोकाच्या किनाऱ्यावर, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवावी, शंख-शिंपले, बिया आणि पाने हीच साधने मानावीत, असा त्यांचा व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचा मार्ग होता. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज आपण ज्यांना अंगणवाड्या म्हणतो त्या या योजनेतील आहेत, आणि तिच्यात पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर पूर्वशालेय शिक्षणही येते. पुष्कळ पालक तिच्याकडे केवळ खाऊ मिळण्याचे ठिकाण म्हणून पाहतात. तो मुलांवर अन्याय आहे.

समुद्रावरचा वेळही याच काळात वाढला. ऑगस्टपासून मासेमारी सुरू झालेली असली, तरी लहान मुलाला निर्धास्तपणे किनाऱ्यावर नेता येईल असे पाणी आमच्याकडे ऑक्टोबरातच होते. ओहोटीला चिमुकले खेकडे ओल्या वाळूतले अन्न शोषून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात. त्या नक्षीसमोर आमचा मुलगा अर्धा अर्धा तास उकिडवा बसून राहत असे. एका सकाळी रापण ओढताना पाहिली. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेले जाळे दोन्ही टोकांकडून माणसांच्या रांगा किनाऱ्याकडे खेचत होत्या. शेवटच्या काकांनी "धर रे बाबू" म्हणून दोर त्याच्या हातात दिला. जाळ्यात बहुतेक तारली होती, थोडे बांगडे. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेल्यावर त्याने, जो तोपर्यंत तेथे एकेका शब्दापलीकडे बोलत नव्हता, सर्व मुलांसमोर उभे राहून दोर कसा ओढला ते करून दाखवले. बाईंनी लगेच एक जुनी दोरी काढली, दोन रांगा केल्या आणि सगळ्यांना रापण ओढायला लावली. त्या आठवड्यात मुलांनी आणलेले शिंपले आकाराप्रमाणे वेगळे करणे, लहान-मोठे लावणे, पाचापर्यंत मोजणे असे चालले.

दिवाळीबद्दल थोडक्यात: किल्ला केला, त्यावर अळीव पेरले, ते दोन-तीन दिवसांत उगवले. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, तुळशीपुढे टाचेने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावला तेव्हा त्याने तोंड वेडेवाकडे केले आणि नंतर गुळाचे पोहे दोनदा मागितले. तुळशीच्या लग्नातले आवळे आणि चिंचा तो खिशातून अंगणवाडीत घेऊन गेला.

भातकापणीच्या वेळी मात्र सावध राहावे लागले. कापलेल्या शेतात आणि उडवीच्या (भाताच्या पेंढ्यांच्या ढिगाच्या) आसपास साप असतात, आणि आमच्या भागात फुरसे पुष्कळ. शिवाय पाणी साठलेल्या चिखलातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. म्हणून त्याला बांधावरच, बूट घालून आणि कोणाचा तरी हात धरून उभे केले. पायाला जखम असली तर तेवढेही नाही. कापणी बघण्यापेक्षा शेतावर घिरट्या घालणारे चतुर त्याला अधिक आवडले. ऑक्टोबरचे ऊनही कमी लेखू नये: अकरानंतर बाहेर खेळवणे आम्ही बंदच केले.

आता तक्रारी. स्वच्छतागृहात पाण्याची सोय नाही. मदतनीस मावशी बादलीने पाणी आणतात. रस्त्याच्या बाजूला कुंपण नाही, आणि ही गोष्ट मला सहा महिन्यांनंतरही रोज टोचते. बाईंना सर्वेक्षणे, बैठका आणि मोबाइलवरील नोंदी यांसाठी वारंवार जावे लागते. अशा दिवशी तीन ते सहा वर्षांची सर्व मुले एकट्या मावशी सांभाळतात, तेव्हा गाणी होतात, खाऊ होतो, पण बाकी काही होत नाही. महिन्यातले असे सहा-सात दिवस मी मोजले आहेत. हा बाईंचा दोष नाही, पण मुलांचे नुकसान होतेच.

अक्षरओळख झाली का, असे मला विचारतात. झालेली नाही, आणि चौथे वर्ष लागलेल्या मुलाला ती व्हावी अशी माझी अपेक्षाही नाही. तो स्वतः हात धुतो, चप्पल योग्य पायात घालतो, आपली पाळी येईपर्यंत थांबतो, घरी न खाल्लेली चवळीची उसळ तेथे पंगतीत बसून संपवतो आणि "माका दी", "मी येतंय" अशी मालवणी बोलतो. सासूबाईंना त्याचा आनंद सर्वांत जास्त झाला. दर महिन्याला वजन होते, त्याची नोंद कार्डावर असते. जूनमधल्या तापांत कमी झालेले वजन जानेवारीपर्यंत भरून आले.

येत्या पावसाळ्यात त्याला पाठवायचे की नाही, यावर घरात एकमत झालेले नाही. अंगणवाडी आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे, आणि आता ती जागा त्याची झाली आहे, म्हणून पाठवावे असे मला वाटते. मुसळधार पावसाच्या दिवशी मात्र घरीच ठेवणार. माझ्या नणंदेची मुलगी या ऑगस्टमध्ये तीन वर्षांची होईल. तिला दसऱ्यानंतर घेऊन या, असे मी सांगितले आहे, आणि खळे करायच्या वेळी आठ दिवस आमच्याकडेच राहायला बोलावले आहे. आजोबांनी तिच्यासाठी दुसरे लहान चोपणे आत्ताच करून ठेवले आहे.