कुलकर्णी? कुठले कुलकर्णी? (वंशावळ शोधून देणाऱ्यांचा आलेला अनुभव)

आधीच सांगून टाकतो, माझं आडनाव कुलकर्णी आहे. तुमचं आडनाव असं असेल की अख्ख्या महाराष्ट्रात चार घरं, तर तुम्हाला हा रिव्ह्यू निम्माच कामाचा. पण कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी, देशमुख यातलं काही असाल आणि वंशावळ करून घ्यायचं डोक्यात असेल तर पैसे भरायच्या आधी वाचा, कारण मी आधी पैसे भरले आणि मग शहाणा झालो.

झालं असं की आमच्या आबाकाकांना रिटायर झाल्यावर कुणीतरी 'समस्त कुलकर्णी परिवार' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. दोनशेच्या वर मेंबर, रोज सकाळी गुड मॉर्निंग आणि संध्याकाळी 'आपलं घराणं एकच' टाइपचे मेसेज. तिथेच एका वंशावळ बनवून देणाऱ्या सर्व्हिसची जाहिरात आली (नाव मुद्दाम देत नाहीये, भांडण नको). पॅकेज साडेसात हजार, त्यात घराण्याचा इतिहास, वंशवृक्ष, गोत्र-कुलदैवत माहिती आणि वर फ्रेम फ्री. काका म्हणाले भर, मी भरले. त्यांनी फॉर्म पाठवला, आम्ही आजोबांच्या वडिलांपर्यंतची नावं भरली आणि काकांच्या ट्रंकेत एक जुना मोडी लिपीतला कागद होता त्याचा फोटो पाठवला.

दीड महिन्याने पार्सल आलं. फ्रेम खरंच छान आहे, खोटं कशाला बोलू, सागवानी वाटते. आत वडाचं झाड, मुळाशी लिहिलंय 'मूळ पुरुष, इ.स. ११७२'. मी दोनदा वाचलं. ११७२ म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या आधी शंभर वर्षं! तेव्हा आमचा पूर्वज नगर जिल्ह्यात बसून भावांबरोबर वतनाची वाटणी करत होता आणि ती कागदावर मोडीत लिहून ठेवत होता म्हणे. त्याच्यापासून माझ्या पणजोबांपर्यंत मधे साताठशे वर्षं, आणि पिढ्या किती दाखवल्यात तर नऊ. म्हणजे एकेकाला नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला असणार.

सोबत जो 'घराण्याचा इतिहास' होता तो चार पानी होता आणि ग्रुपमधल्या अजून तिघांना अक्षर न् अक्षर तोच आला होता. त्यातले एक यजुर्वेदी, एक धारवाडकडचे, एक सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू). आम्ही ऋग्वेदी. चौघांचा इतिहास एकच!

आता इथे जरा थांबतो कारण खरी गोची इथेच आहे. कुलकर्णी हे घराण्याचं नाव नाही, ते कामाचं नाव आहे. गावात कुळवार जमाखर्च लिहायचा, कोणाची जमीन किती, वसूल किती, बाकी किती, दप्तर सांभाळायचं, पाटलाच्या शेजारी बसून सही करायची, तो कुलकर्णी. गावोगाव एक, आणि वतन वंशपरंपरेने चालायचं. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत आपेगावचे कुलकर्णी. समर्थ रामदास म्हणजे जांबचे नारायण सूर्याजीपंत ठोसर, गावचं कुलकर्णीपण यांच्याच घरात पण आडनाव ठोसर. यांच्यात नातं काय? काही नाही, जॉब सेम. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं खालसा झाली पण आडनाव मागे राहिलं. म्हणजे उद्या महाराष्ट्रातले सगळे तलाठी दोनशे वर्षांनी ग्रुप काढून म्हणाले आपला मूळ पुरुष एक, तर कसं वाटेल, तसला प्रकार आहे हा. मी एकदा बसून ग्रुपवरच्या लोकांची गोत्रं मोजली, सतरा निघाली आणि तीसेक जणांनी तर उत्तरच दिलं नाही. आणि गोत्र जुळलं तरी भाऊबंद असतीलच असं नाही, काश्यप तर किती घरांत निघतं.

कोकणस्थांमध्ये हे काम बरंच सोपं पडतं, कारण त्यांच्यात कितीतरी आडनावांचे छापील कुलवृत्तांत आहेत, आडनाव-गोत्र जोडी बहुतेक ठरलेली असते, पुस्तक उघडायचं आणि आपली शाखा शोधायची. आमच्यासारख्या देशस्थांना तेवढी चैन नाही.

असो. साडेसात हजार गेले. स्टार एक, तोही फ्रेमसाठी. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, 'सर कागदावर ११७२ स्पष्ट आहे.' मला तेव्हा मोडी येत नव्हतं, आताही अर्धवटच येतं, त्यामुळे गप्प बसलो.

मग एक मोडी वाचक शोधला, आणि हे पण सोपं नव्हतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली ना, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. गावोगावचे लोक जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळेचे निर्गम उतारे, जुने हक्कनोंदी कागद घेऊन रांगेत. मला जे गृहस्थ भेटले ते रिटायर्ड शिक्षक, आधी हौस म्हणून वाचायचे, आता पुढची तारीख दोन महिन्यांनी देतात. पानाचे दोनशे रुपये सांगितले, आमचा कागद दीड पान होता तर तीनशेच घेतले, अर्ध्या पानाचं पूर्ण लावलं नाही.

त्यांनी कागद बघितला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसायला लागले. म्हणाले, 'हे ११७२ आहे, बरोबर आहे, पण इसवी नाही हो, सुहूर सन आहे.' सुहूर सन म्हणजे पेशवाईच्या कागदांत चालणारं जुनं साल, आकडे अरबी शब्दांत. अक्षरात लिहिलं होतं, 'इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७२. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे (वर्ष आपल्या मे-जूनच्या आसपास, मृगाला बदलतं म्हणून दोन आकडे), की इसवी सन आला १७७१-७२. म्हणजे थोरले माधवराव पेशवे असतानाचा कागद! मला खरं सांगतो, ११७२ पेक्षा १७७१ जास्त भारी वाटलं, कारण ते खरं होतं. शकाचं साल असेल तर ७८ मिळवायचे आणि दख्खनी फसली (महसुलाचं जुनं साल) असेल तर ५९०, हे त्यांनीच एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे. तुमच्याकडे जुना कागद असेल तर आधी एवढंच विचारा की साल कुठलं आहे. पैसे घेणाऱ्याला हा प्रश्नच कळला नाही तर उठून या.

मोडी वाचायला वेळ लागतो कारण शब्द तोडलेले नसतात, एका रेघेखाली अख्खी ओळ धावत जाते, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, वर मौजे, परगणे असले शब्द आखूड करून लिहिलेले. त्यात आमच्या लेखकाचा बोरू बहुतेक फाटलेला. मास्तरांनी दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकून दिलं, ओढूनताणून काही लिहिलं नाही. मला हे फार आवडलं. चार स्टार, एक कापला कारण दोन महिन्यांचे तीन झाले आणि मधे फोन उचलत नव्हते.

कागदात होतं काय तर तीन भावांची वाटणी. थोरल्याकडे वडीलकीचा मान, कुलकर्णीपणाचं दप्तर आणि वाडा, मधल्याला शेत, धाकटा बाहेर मोगलाईत जातो म्हणून त्याला रोख रक्कम. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. गाव टाकळी.

आणि हा कागद खिशात घालून मी गेलो त्र्यंबकेश्वरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, काशी, हरिद्वार अशा क्षेत्री तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. तुमच्या घरातलं कुणी श्राद्धाला, नारायण नागबळीला किंवा सिंहस्थाला गेलं असेल तर त्याने स्वतःच्या हाताने नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ, मुलं असं लिहून सही केलेली असते, आणि पुढच्या पिढीतला गेला की त्याच्याखाली तो लिहितो. उपाध्याय गावांप्रमाणे वाटलेले असतात म्हणून आधी आपला उपाध्याय कोण हे शोधावं लागतं, आम्हाला तिसऱ्या घरी पत्ता लागला. या वह्या वारसाच्या दाव्यांमध्ये कोर्टातसुद्धा दाखवल्या गेल्यात, तेव्हा प्रकार साधा नाही.

गुरुजी साठीतले, झोपाळ्यावर बसलेले.

'आडनाव?'

'कुलकर्णी.'

'ते राहू द्या. गाव सांगा.'

'टाकळी.'

'कुठली टाकळी? ढोकेश्वर, भान, मानूर? ही तुमच्या नगर जिल्ह्यातली झाली, पलीकडे शिरूरला टाकळी हाजी आहे.'

मी गार. आडनाव कॉमन ते कॉमन, गाव पण कॉमन! मग त्यांनी तालुका विचारला, नदी विचारली, कुलदैवत विचारलं (तुळजापूरची भवानी, म्हणजे परत अर्धा महाराष्ट्र), गोत्र, शाखा, आणि शेवटी विचारलं, 'आजोबांचं आणि त्यांच्या भावांचं नाव?' हा प्रश्न खरा कामाचा. नावं सांगितली तशी आत गेले, लाल फडक्यात बांधलेली एक लांबुडकी वही आणली, आणि चाळीस मिनिटांत, मी घड्याळ बघितलंय, माझ्या आजोबांची सही माझ्या समोर. १९५६ च्या सिंहस्थाला आले होते. शाई जरा तपकिरी झालेली पण 'कु' चा तोच मोठा उकार जो मी त्यांच्या पोस्टकार्डांवर बघितलाय. खाली मुलांची नावं, त्यात माझे वडील. आत्यांची नावं नाहीत, फक्त 'कन्या २'. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, 'माहितीये मला, मी तिथेच उभी होते.'

त्याच्या मागच्या पानांवर शके १८१३, म्हणजे १८९१, आजोबांच्या आजोबांची नोंद मोडीत, आणि त्यांनी बापाचं, आजाचं, पणजाचं नाव लिहिलेलं. गुरुजींनी चष्मा वर करून भराभरा वाचलं. आणि मग ती गोष्ट सापडली ज्याच्यासाठी हा एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहितोय. त्याच पानावर, वेगळ्या हाताने, 'टाकळीकर, मूळ कुलकर्णी, हल्ली वस्ती अंबाजोगाई'. मोगलाईत गेलेल्या धाकट्याचे लोक! तिकडे कुलकर्णीपण दुसऱ्याच कुणाकडे, मग हे कुठले तर टाकळीचे, म्हणून टाकळीकर. म्हणजे ग्रुपवरच्या दोनशे कुलकर्ण्यांमध्ये एकही घर आमचं भाऊबंद नाही, आणि जे भाऊबंद आहेत त्यांचं आडनावच कुलकर्णी नाही.

पूर्ण साखळी जुळली का? नाही. १७७१ च्या कागदातला थोरला भाऊ आणि १८९१ च्या नोंदीतला पणजा यांच्यामध्ये एक नाव, कदाचित दोन, कमी पडतात. त्या काळाची वही वाळवीने खाल्लेली, गुरुजींनी उरलेला सांगाडा आणून दाखवला. मी म्हटलं अंदाजाने घालू का, तर म्हणाले, 'घाला, पण माझ्या वहीत नाही.'

तक्रारी आहेत. फोटो काढू देत नाहीत, म्हणजे आमच्याकडे तरी दिला नाही, म्हणाले एका पानावर चार घरांची माहिती असते आणि दोन घरांचे दावे चालू आहेत. वहीवर उतरवून घ्यावं लागतं, तेव्हा कागद-पेन न्या, मोबाईलवर टाइप करत बसलात तर अर्धं सुटतं. दक्षिणेचा दर नाही, 'काय द्यायचं ते द्या', मला असं काही सांगितलं की जास्तच टेन्शन येतं, अकराशे दिले. वही बघताना दोन वेळा नागबळी करून घ्यायचं सुचवलं, नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा विषय काढला नाही. सोमवारी आणि श्रावणात चुकूनही जाऊ नका. २०२७ च्या सिंहस्थात तर गुरुजी तुम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाहीत, जायचं तर आत्ताच उरकून घ्या. साडेचार स्टार.

निघताना त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी माझं नाव, बायकोचं नाव आणि मुलीचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, 'कन्या १' नाही. गुरुजींनी बघितलं, काही बोलले नाहीत, तारीख घालायची राहिली होती तेवढी घालून घेतली.

अंबाजोगाईचे टाकळीकर शोधायला एक आठवडा लागला, तिथल्या एका मित्राच्या ओळखीने. फोनवर एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, आधी त्यांना वाटलं मी बँकेतून बोलतोय. नावं सांगून काही उपयोग झाला नाही, त्यांना त्यांच्या सासऱ्यांच्या वरचं आठवत नव्हतं. मग मला आठवलं आमच्याकडे पाळणा विकत आणत नाहीत, कुणाचा तरी मागून आणतात, माझ्या मुलीच्या वेळी यावरून घरात केवढा तमाशा झाला होता. म्हटलं, 'आजी, तुमच्यात बाळाला पाळणा...' तर मधेच म्हणाल्या, 'विकत नाही आणायचा! मागून आणायचा. तुम्हाला कुणी सांगितलं?'

आबाकाकांना हे सगळं सांगितलं, मास्तरांनी वाचून दिलेला कागद दाखवला. त्यांनी ग्रुप सोडला नाही. आणि इ.स. ११७२ वालं झाड अजून त्यांच्या हॉलमध्येच आहे, काकू म्हणते भिंतीला तिथे ओल आलीये, ती झाकली जाते.