गावाहून साताऱ्याला जायचं कशानं: एसटी, वडाप की दुचाकी?

आधी परतीची गाडी बघा, जायची मागाहून ठरवा. सकाळी गावातून बाहेर पडायला काही ना काही मिळतंच. मुक्कामी एसटी असते, शाळेच्या वेळेची असते, दोन-चार वडाप (माणसं भरून सुटणाऱ्या खासगी जीपा) असतात, दुधाची गाडी असते. खरी ओढाताण होते ती संध्याकाळी सहानंतर, साताऱ्याच्या स्टँडवर. म्हणून खालची सगळी तुलना परतीच्या बाजूनं केली आहे. डोळ्यांसमोर दोन रस्ते आहेत: सातारा-कास-बामणोली आणि सातारा-मेढा-केळघर. दोन्हीकडे घाट आहे, पाऊस दांडगा आहे आणि गावं फाट्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटर आत आहेत.

एसटी: सगळ्या फेऱ्या सारख्या भरवशाच्या नसतात

‘एसटीचा भरवसा नाही’ असं सरसकट म्हणतात, ते अर्धवट आहे. कुठली फेरी, यावर सगळं अवलंबून असतं.

सर्वांत भरवशाची मुक्कामी गाडी. रात्री गावात येते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी सुटते. गाडी गावात उभी, माणसं गावात, त्यामुळे सकाळची ही फेरी सहसा चुकत नाही. चुकलीच, तर आदल्या रात्री गाडी आलेली नसते, म्हणजे ते तुम्हाला रात्रीच कळतं. मुक्कामी गाडीचा दुसरा फायदा लोक विसरतात: साताऱ्याहून गावाकडे येणारी शेवटची गाडी बहुधा हीच असते. आगारालाही ती सोडावीच लागते, नाहीतर सकाळची शाळेची पोरं अडकतात.

त्याखालोखाल शाळा-कॉलेजच्या वेळेच्या फेऱ्या. पण त्या शाळेला बांधलेल्या. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की बंद होतात, रविवारी बऱ्याचदा नसतात.

सर्वांत कच्ची दुपारची फेरी. एखादी गाडी वाटेत बंद पडली आणि बदली गाडी हवी झाली, की आगारव्यवस्थापक पहिला हात याच फेरीवर टाकतो, कारण तिला प्रवासी कमी आणि ओरड कमी. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या, हिवाळ्यात शाळांच्या सहली, या सगळ्यांसाठी गाड्या आगारांतूनच जातात. या दिवसांत दुपारची फेरी नाहीच असं धरून चाला. ‘दीडची गाडी धरून येतो’ असं घरी सांगून निघू नका.

भाडं आणि सवलती: इथं हिशेब माणसागणिक बदलतो

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. टप्पा ओलांडला की पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे लागतात. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि साध्या गाडीचा टप्पा आता दहा रुपयांच्या आसपास पडतो. गाव २० किलोमीटरवर असेल तर चार टप्पे, म्हणजे जायला ढोबळ चाळीस, जाऊन-येऊन ऐंशी.

आता सवलती. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं. ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत, पण शून्य रकमेचं का होईना, तिकीट कंडक्टरकडून घ्यावंच लागतं. ५ वर्षांखालचं मूल फुकट, ५ ते १२ अर्धं. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या: साताऱ्याहून बेळगावला निघालेल्या बाईला सीमेपर्यंत अर्धं तिकीट, पुढं पूर्ण. ज्येष्ठांनी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष आहे, पूर्ण तारीख नाही. वय काठावर असेल तर तिथं हमखास हुज्जत होते, म्हणून पूर्ण जन्मतारीख असलेलं कार्ड आधीच काढून घ्या.

मासिक पासात एक मेख आहे. पासाला २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. त्रैमासिकाला ५० दिवसांचं भरून ९० दिवस. वरच्याच २० किलोमीटरच्या गावाहून नोकरीला रोज जाणाऱ्या पुरुषाला महिन्याचे २६ दिवस सुटी तिकिटं काढली तर २,०८० रुपये लागतात, पासाला १,६००. त्रैमासिकाला ४,०००, म्हणजे महिन्याला तेराशेच्या आसपास. रोज जाणार असाल तर त्रैमासिकच घ्या. बाईला मात्र रोजचं अर्धं तिकीट काढूनही २६ दिवसांचे १,०४० रुपयेच होतात. म्हणजे महिलांनी आणि ६५ च्या पुढच्यांनी साध्या पासाच्या रांगेत उभंच राहू नये. आठवड्यातून तीन-चार दिवसच जाणाऱ्या पुरुषालाही मासिक पास परवडत नाही. वीस दिवस भरले तरच तो बरोबरीत येतो.

विद्यार्थ्यांचं वेगळं आहे. पासावर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. शाळेचा दाखला आणि फोटो जूनमध्येच तयार ठेवा, कारण शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पासाच्या खिडकीवर झुंबड असते.

सुट्टे पैसे हा रोजचा तंटा. तिकीट एकवीस, एकतीस असं आलं की कंडक्टर एक रुपया मागतो आणि तो कुणाकडेच नसतो. यंत्रावरचा क्यूआर कोड चालतो, पण घाटात रेंज गेली की तोही नाही. खिशात एक-दोनची नाणी ठेवा, वाद मिटतो.

वडाप: वेळ वाचते, संध्याकाळ वाचत नाही

साताऱ्या-कोल्हापुराकडं वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. जीप असो की मॅजिक (छोटी व्हॅन), नियम एकच: भरली की सुटणार. बाजाराच्या दिवशी ती दहा मिनिटांत भरते, आडवारी तासभर ‘अजून दोन सीट’ चालतं. भाडं साधारण एसटीच्या पूर्ण तिकिटाच्या आगेमागे असतं, आणि इथं कुठलीच सवलत नाही. म्हणजे एकट्या पुरुषाला फरक पडत नाही. घरातल्या आजी, आई आणि दहा वर्षांचं पोर निघालं, तर एसटीत मिळून एक तिकीट होतं (आजी ७५ च्या पुढच्या, आई आणि पोराचं अर्धं-अर्धं). वडापवाला तिघांचे तीन घेतो, पोराला मांडीवर बसवलं तर कदाचित अडीच.

वडापचा खरा गुण वेगळाच. ती फाट्यावर सोडून जात नाही, पाच-दहा रुपये जास्त घेऊन थेट गावात नेते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि खताची पिशवी घेतलेल्याला हा फरक मोठा. शिवाय दुपारी, एसटी कच्ची असते नेमक्या त्या वेळात, वडाप चालू असते.

संध्याकाळी उलटं होतं. अंधार पडला की गावाहून परत येताना प्रवासी मिळत नाहीत, म्हणून वडापवाला शेवटची फेरी लवकर आटपतो. नंतर गेलात तर ‘पूर्ण गाडीचं भाडं द्या’ म्हणतो. त्याचंही चुकत नाही, रिकामी गाडी परत आणायची असते. पण तुमचे चाळीस रुपयांचे काही शे होतात.

बसण्याआधी नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली तर गाडी भाड्याची म्हणून नोंदलेली आहे. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी. तिच्यात पैसे देऊन बसलात आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीतही माणसं किती कोंबली आहेत ते मोजा. परवान्यापेक्षा जास्त प्रवासी असले, तर विमा कंपनीची जबाबदारी परवान्यातल्या संख्येपुरतीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाकीचं गाडीमालकाकडून वसूल करायचं, आणि त्याच्याकडं बहुधा ती जीपच असते. मागच्या शिडीवर लटकायचं, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला अर्धी मांडी टेकायची, हे कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटात तरी करू नका. जागा मागायचीच तर मधल्या सीटची मागा.

एक अडचण शहराच्या टोकालाही आहे. स्टँडच्या २०० मीटरच्या आत खासगी गाड्यांनी प्रवासी भरायला मनाई आहे, त्यामुळे वडाप स्टँडसमोर सापडत नाही. सामान जास्त असेल तर तेवढी चाल धरा.

दुचाकी

२० किलोमीटरचं गाव, घाटाचा रस्ता, लिटरला ४५ चा अॅव्हरेज धरला तर जाऊन-येऊन नव्वद-पंच्याण्णव रुपयांचं पेट्रोल. टायर, ब्रेक आणि ऑइल वेगळं. एकट्या पुरुषाला एसटीपेक्षा महाग, दोघांना स्वस्त, बाईला दुपटीहून महाग. तरीही ज्यांची ड्यूटी रात्री आठला सुटते, त्यांना दुसरा इलाज नाही. जून ते सप्टेंबर कासच्या पठारावर धुकं असं दाटतं की पुढची गाडी दहा हातांवर दिसते, आणि घाटात दरड येते. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो. तिथं दुचाकी निदान कडेनं निघते, एसटी मात्र तासभर रखडते. त्या दोन दिवशी कासच्या वाटेनं परतीचा प्रवास दुपारी बाराच्या आत उरका.

माहिती कुठून घ्यायची

स्टँडवरचा रंगवलेला फलक मंजूर वेळापत्रक सांगतो, आज गाडी सुटणार का ते सांगत नाही. आरक्षणाच्या अॅपवर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात. गावची साधी फेरी तिथं दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं समजू नका. नकाशाच्या अॅपवरच्या बसच्या वेळा गावाकडं विसराव्यात. महामंडळाचा टोल-फ्री क्रमांक १८०० २२ १२५० हा तक्रारीला आणि लांबच्या गाडीच्या चौकशीला बरा, तुमच्या वाडीच्या फेरीला नाही.

उरली चौकशी खिडकी. तिथं प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘बामणोलीची गाडी किती वाजता?’ म्हटलं की वाहतूक नियंत्रक पाठ असलेली वेळ सांगतो. ‘आजच्या फेरीला गाडी-ड्रायव्हर लागलेत का?’ असं विचारा, मग तो समोरचा कागद बघून उत्तर देतो. त्याहून पक्की खबर मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडं. सकाळी उतरतानाच ‘संध्याकाळी तुम्हीच आहात का, किती वाजता सुटताय?’ एवढं विचारून ठेवा.

पाटीवरचं ‘मार्गे’ वाचल्याशिवाय चढू नका. साताऱ्याहून महाबळेश्वरला गाडी वाईमार्गेही जाते आणि मेढामार्गेही. केळघर मेढ्याच्या वाटेवर, पाचगणी वाईच्या. घाईत नुसतं ‘महाबळेश्वर’ वाचून चढणारा दर आठवड्याला एखादा सापडतोच. तसंच स्वारगेटची विनावाहक गाडी: तिकीट खाली खिडकीवर काढायचं आणि वाटेत ती थांबत नाही. शिरवळला उतरायचं असेल तर साधी किंवा जलद गाडी बघा. या दोन्हींचं भाडं सारखंच, पण जलद गाडी लहान फाट्यांवर थांबत नाही. पुण्याहून येऊन पुढं गावची गाडी धरायची असेल तर खंबाटकीच्या कोंडीसाठी तास-दीड तास जादा ठेवा, रविवारी संध्याकाळी तर नक्कीच.

मग कोणी काय धरावं

शाळेच्या पोरांना एसटी आणि पास, यात विचार करण्यासारखं काही नाही. बाया आणि ज्येष्ठांनी जाताना मुक्कामी गाडी, येताना शेवटच्या नव्हे तर तिच्या आधीच्या गाडीचा बेत करावा. ती रद्द झाली तरी हातात एक उरते. बाजाराला जाणाऱ्यानं जाताना एसटी, येताना ओझ्यासकट वडाप घ्यावी, पण उजेडात. दवाखान्यात केसपेपर काढून तपासणी आणि रिपोर्ट होईस्तो दुपार जाते, त्यामुळे रुग्णासोबत निघालात तर दुपारची फेरी नाहीच असं समजून वडापचे पैसे वेगळे ठेवा. प्रसंग तातडीचा असेल तर गाडीची वाट न बघता १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. आणि बामणोलीहून पलीकडच्या गावात लाँचनं जायचं असेल तर एसटीची वेळ लाँचवाल्याला विचारून ठरवा. पाण्यावर अंधारात लाँच मिळेलच असं नाही.

वऱ्हाड किंवा देवदर्शनाला चाळीस-पन्नास माणसं असतील तर आगारातून अख्खी एसटी प्रासंगिक करारावर (तेवढ्या प्रवासापुरती भाड्यानं) मिळते. टेम्पोपेक्षा महाग वाटते, पण माणसं बसून जातात आणि विमा पक्का असतो. लग्नसराईत गाड्या अपुऱ्या पडतात, म्हणून तारीख निघाल्याबरोबर आगारात अर्ज द्या.

शेवटची गाडी चुकलीच, तर आधी स्टँडवरच थांबून तुमच्या वाटेनं पुढं जाणारी लांबची गाडी आहे का बघा. मेढ्याकडं जाणाऱ्यांना महाबळेश्वरची मिळू शकते. कंडक्टरला ‘फाट्यावर उतरवाल का?’ असं चढायच्या आधी विचारा, चढल्यावर नव्हे. कासच्या वाटेला ती सोय नाही, तिथं उशिरा येणाऱ्यानं साताऱ्यातल्या पाहुण्यांना फोन लावावा.