पिनला नाव देताना हॅश डिफाइन की कॉन्स्ट?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅनेल बनवणारी पोरं हल्ली आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, हात घालतात आणि स्केचच्या, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमच्या, पहिल्याच ओळीला अडतात. रिलेच्या (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) पिनला नाव द्यायचं ते हॅश डिफाइननं (#define) की कॉन्स्टनं (const, न बदलणारी किंमत)? मी बरीच वर्षं डिफाइनच लिहायचो, कारण शिकवणाऱ्यानं तसं शिकवलेलं.

डिफाइनची बाजू अगदीच लंगडी नाही. नावाच्या जागी आधीच आकडा चिकटवला जातो, प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला नुसता आकडा, समजा ५, दिसतो. रॅम काही लागत नाही. ‘कॉन्स्ट इंट दोन बाइट खातो, ऊनो बोर्डात आहेतच २०४८’ अशी भीती घालणारे भेटतात, पण पिनपुरती ती फोल आहे. किंमत बदलणार नाही हे कळल्यावर कंपायलर कॉन्स्टच्या जागीही थेट आकडाच वापरतो.

माझं मन फिरलं ते करवीर तालुक्यातल्या मळ्यावर. शेतीला लाईट रात्रीची, म्हणून चुलत्यांच्या मोटारीला टायमर करून दिला. मोटार ठरल्या वेळी सुरू व्हायची, बंद काही व्हायची नाही. रिले बदलला, वायरी तपासल्या, सप्लायला शिव्या घातल्या. पाणी उसाच्या सऱ्या भरून बांधावरून शेजारच्याकडे. चौथ्या दिवशी सापडलं: प्रोग्रॅमच्या मुख्य टॅबमध्ये (फाइलमध्ये) डिफाइननं रिले पिन ५ वर, आणि जुन्या कामातून आणलेल्या टॅबच्या डोक्यावर तेच नाव ७ ला दिलेलं. आर्डुइनो सगळे टॅब एकाखाली एक जोडून एकच फाइल करतं. त्यामुळे दुसऱ्या डिफाइनच्या खालचं सगळं गुपचूप ७ वर गेलं, आणि मोटार बंद करणारी ओळ नेमकी तिथंच होती. कंपायलर वॉर्निंग देतो म्हणे, पण माझ्या आयडीईत (प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वॉर्निंग बंदच होत्या. दोन्हीकडे कॉन्स्ट असता तर कंपाइलच झालं नसतं.

माझ्या एकट्याच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मान्य. आर्डुइनोसोबत येणाऱ्या ऊनोच्या मूळ कोडमधली (कोअर) पिनांची फाइल उघडलीत तर ए० या पिनसाठी आधी डिफाइननं १४ लिहिलेलं दिसेल, आणि पुढं तोच आकडा कॉन्स्टमध्ये. एक टॅब, तीन पिना एवढंच काम असेल तर काहीही लिहा.

बोर्ड ऊनो आहे की ईएसपी८२६६ (वायफाय चिपचा), हे हॅश-इफनं (#if या अटीनं) तपासायचं तर मात्र डिफाइनच लागतं, कारण प्रीप्रोसेसरला (कंपायलरच्या आधी नावाच्या जागी आकडा चिकटवणाऱ्याला) कॉन्स्ट दिसत नाही. पण त्या अटीच्या आतली पिनची ओळ मी आता कॉन्स्टनंच लिहितो.