सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये एसटीआयचा सहा गिअरचा गिअरबॉक्स : दोन हिवाळ्यांनंतर

अमेरिकेत २००२ ते २००५च्या मॉडेलांत विकल्या गेलेल्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये दोन लिटरचे ईजे२०५ टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स येत असे. इंजिनाची ताकद २२७ हॉर्सपॉवर आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे २९४ न्यूटन-मीटर होता, आणि तेवढ्या टॉर्कला तो गिअरबॉक्स व्यवस्थित पुरत असे. माझ्या गाडीचा तिसरा गिअर मोडला तो मी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला म्हणून; दोष सर्वस्वी माझा. मिशिगनच्या बर्फात चार महिने काहीच जाणवले नाही, कारण चाके घसरत आणि इंजिनाचा जोर तिथेच जिरून जाई. एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले, चारही टायरांनी डांबर घट्ट धरले आणि झटका सोसायला गिअरच्या दातांखेरीज कुणी उरले नाही. तेल काढले तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकाला तुरीच्या डाळीएवढा दाताचा तुकडा चिकटून आला.

त्यानंतर मी २००४च्या एसटीआयचा, म्हणजे याच गाडीच्या अधिक ताकदवान आवृत्तीचा, वापरलेला सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवला. हे परीक्षण त्याचे आहे, आणि ज्यांना पुढे इंजिनही बदलायचे आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिले आहे. गिअरबॉक्सची ताकद विचारताना आपण हॉर्सपॉवर विचारतो, ते चुकीचे आहे. दात मोडतो तो टॉर्कने, आणि त्यातही टॉर्क अचानक आल्याने. टर्बो गाडीत बूस्ट भरताच टॉर्कचा आलेख उभा चढतो, म्हणून त्याच आकड्याच्या बिनटर्बो इंजिनापेक्षा टर्बो इंजिन गिअरबॉक्सला जास्त छळते. दातांच्या बाजू उतरत्या असल्यामुळे भार येताच दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलले जातात, आणि हेलिकल म्हणजे तिरक्या दातांच्या गिअरमध्ये ते लांबीच्या दिशेनेही रेटले जातात. पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे कवच लांबीच्या दिशेने दोन अर्ध्यांत विभागलेले आहे. ते किंचित जरी फाकले तरी दाते पूर्ण रुंदीने भिडण्याऐवजी कडेवर भिडतात आणि कडेचा टवका उडतो. म्हणूनच जुन्या कवचात नुसते मजबूत गिअर घातले तर दाते सुधारतात, कवच आहे तसेच राहते. पीपीजीसारख्या ऑस्ट्रेलियन कंपनीचे सरळ दातांचे संच शर्यतीच्या गाडीला शोभतात, पण रोज कामावर जाताना त्यांचा घरघराट ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्टांमधले अंतर ७५ ऐवजी ८५ मिलिमीटर आहे, गिअर रुंद आहेत, कवच जाड आहे आणि आत तेलाचा स्वतंत्र पंप आहे. अमेरिकन एसटीआयच्या ४०७ न्यूटन-मीटरसाठी तो कारखान्यातूनच बसवला जाई, म्हणजे माझ्या गाडीचा मूळ टॉर्क त्याला किरकोळ आहे. तेल ३.५ ऐवजी ४.१ लिटर लागते. वजन मात्र चांगलेच जाणवते. ट्रान्समिशन जॅक नसताना हे काम हाती घेऊ नये.

आता खर्चाकडे वळतो, कारण लोक फसतात ते इथेच. जुन्या गिअरबॉक्सचे पुढचे अंतिम गुणोत्तर ३.९० असते; मागचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) ३.५४५ असते आणि त्याला ट्रान्सफर गिअरचे (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या गिअरचे) १.१ जोडले की गुणाकार पुन्हा ३.९०च येतो. एसटीआयच्या गिअरबॉक्समध्ये ट्रान्सफर १.० आहे. मागचे डिफरन्शियल तसेच ठेवले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत दहा टक्क्यांची तफावत राहते आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारे मधले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत रगडत राहते. म्हणून मागे ३.९०चे आर१८० प्रकारचे डिफरन्शियल हवे, त्याला जुळणारे ॲक्सल हवेत, मागच्या डिफरन्शियलला जोर पोचवणारा, लांबीने कमी असलेला प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स पेलणारा क्रॉसमेंबर, २४० मिलिमीटरचा क्लच त्याच्या फ्लायव्हीलसह, आणि रिव्हर्स लॉकच्या केबलसकट अख्खे शिफ्टर हवे. मला हे सगळे एकाच गाडीतून उतरवलेले मिळाले. सुटे सुटे जमवले असते तर उन्हाळा त्यातच गेला असता. वापरलेला गिअरबॉक्स घेताना बेल-हाउसिंगवरचा (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या कवचावरचा) कोड स्वतः वाचावा. टीवाय८५ने सुरू होणाऱ्या कोडचे सहा गिअरचे सगळे गिअरबॉक्स सारखे नसतात, आणि विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर गुणोत्तर ठरवू नये. मला पहिल्यांदा दाखवलेल्या नगाचा कोड सांगितलेल्या मॉडेलशी जुळत नव्हता.

मधले डिफरन्शियल विद्युत नियंत्रणाचे आहे. त्याला कंट्रोलर जोडला नाही तर ते नुसते मोकळे राहते आणि २००४च्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क ३५:६५ असा मागच्या चाकांकडे झुकतो. बर्फाळ प्रदेशात हे धोक्याचे आहे. कंट्रोलरचे पैसे वाचवू नयेत.

गिअरबॉक्स उतरवताना एक बाब ध्यानात ठेवावी. क्लच पुल टाइपचा, म्हणजे ओढून सुटणारा, आहे, म्हणून गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवण्याआधी बाजूचा प्लग काढून, क्लच फोर्कच्या पिनमध्ये सहा मिलिमीटरचा बोल्ट फिरवून ती पिन बाहेर ओढावी लागते. हे माहीत नसताना मी आणि माझा मेहुणा तासभर पहार लावून झगडत होतो.

पुढच्या वर्षी अडीच लिटरचा ईजे२५७ इंजिन ब्लॉक घेतला. त्याच्या मूळ सिलिंडर हेडमध्ये बदलते व्हॉल्व्ह टायमिंग आहे, आणि माझ्या गाडीच्या कंप्युटरला ते चालवता येत नाही. म्हणून हेड जुनीच ठेवली आणि ट्यून नव्याने करून घेतला. क्रम उलटा असता, म्हणजे आधी इंजिन आणि मग गिअरबॉक्स, तर दुसऱ्यांदा डाळ वेचायची वेळ आली असती.

चालवायला हा गिअरबॉक्स मवाळ नाही. उणे दहा अंशात सकाळी दुसरा गिअर हट्टी असतो आणि पहिले दोन किलोमीटर त्याला घाई खपत नाही; मात्र तेल गरम झाले की प्रत्येक गिअर खटकन, ठाम बसतो. रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी उचलावी लागते, आणि माझा हात अजून कधी कधी ती विसरतो. गुणोत्तरे जवळजवळ असल्याने गिअर जास्त बदलावे लागतात. हमरस्त्यावर मला त्याचा कंटाळा येतो, घाटासारख्या वळणांवर येत नाही.

इंजिन मूळ स्थितीत असेल, तर हा खर्च मी कुणालाही सुचवणार नाही. त्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक येतात. मी दोन हिवाळ्यांत तेल दोनदा बदलले. दोन्ही वेळा चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक थर होता आणि बोटांत चोळून पाहिला तर कणही लागला नाही.