‘वर्षभराचं मार्केटिंग’ सांगून आमची साइटच ताब्यात घेतली

दिवाळी सरली, हवेत गारवा आला, यंदा मोहोर कसा येणार याची घरोघरी चर्चा सुरू झाली की आमच्याकडे मार्केटिंगवाल्यांचे फोन येऊ लागतात. वेळ त्यांनी विचार करून निवडलेली असते. ज्याची वर्षाची बरीचशी कमाई मार्च ते मे या महिन्यांत होते, तो माणूस डिसेंबर-जानेवारीत ‘या हंगामाला काहीतरी करायला हवं’ असं मनाशी घोळवतच असतो. ज्यांनी आम्हाला फसवलं त्यांचाही पहिला फोन त्याच दिवसांतला.

आम्ही सिंधुदुर्गातले. घरची थोडी कलमं आहेत, त्यांचा हापूस हंगामात पेट्यांनी जातो. बाकी वर्षभर कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाची पिठी, आंबापोळी, मालवणी मसाला. नवरा आणि दीर बाग सांभाळतात. माल, पॅकिंग आणि ऑर्डरी मी आणि जाऊबाई बघतो. साधीशी साइट होती, फेसबुक पेज होतं, पुण्या-मुंबईतली नेहमीची गिऱ्हाइकं होती. आणखी थोडी वाढ हवी होती, एवढंच.

फोनवरची मुलगी मराठीत, अदबीने बोलत होती. पुढे तिचे ‘सर’ बोलले. ते म्हणाले, “मॅडम, आम्ही महिन्याभरात जादू करणारे नाही. पहिले चार-सहा महिने तुम्हाला काहीच दिसणार नाही. हे लाँग टर्म काम आहे. पण वर्ष पुरं झालं की गुगलच्या पहिल्या पानावर तुमचं नाव, ही हमी.” वर्षाचे एक लाख वीस हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख एकेचाळीस हजार सहाशे रुपये आगाऊ. जाहिरातींचे पैसे दर महिन्याला वेगळे.

या बोलण्यात खरं काय आणि खोटं काय, हे नीट सांगते, कारण सगळी फसवणूक याच जागी आहे. शोधात वर यायला वेळ लागतो, हे खरं आहे. गुगलने स्वतःच सांगितलेलं आहे की असं काम केल्यावर फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. आणि त्याच गुगलने हेही लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. या मंडळींनी पहिलं वाक्य ढालीसारखं पुढे धरलं आणि दुसरं लपवलं. ‘वेळ लागेल’ हे आपण एकदा मान्य केलं की पुढचे कितीतरी महिने त्यांना कोणी जाब विचारत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं: “मॅडम, धीर धरा, मी आधीच सांगितलं होतं.”

करारनामा इंग्रजीत, बारीक अक्षरांत होता. फोनवरची ‘हमी’ त्यात कुठेच नव्हती. उलट, निकाल बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून आहेत आणि वाद झाल्यास दुसऱ्या राज्यातल्या एका शहरातलं न्यायालय, अशी कलमं होती. त्यांच्या कागदांवर गुगलचा पार्टनर असल्याचा बिल्ला छापलेला होता. तो बिल्ला खरा असला तरी गुगलवरच्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती हाताळण्यापुरताच असतो. शोधात फुकट वर आणण्याचं कोणतंही प्रमाणपत्र गुगल कोणालाच देत नाही.

काम सुरू करताना त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. “तुमची साइट हळू चालते, आमच्या सर्व्हरवर घेऊ. डोमेनही आमच्या खात्यात आलं की कामं भराभर होतील,” असं म्हणून ट्रान्सफर कोड घेतला, आलेल्या मेलवर होकार द्यायला लावला. फेसबुक पेजचा संपूर्ण ताबा घेतला. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीचे मालकही तेच झाले. प्रत्येक वेळी कारण कामाचं आणि पटेल असंच दिलं.

मग दर महिन्याला रंगीत आलेखांचा अहवाल यायचा. ‘या वीस शब्दांवर तुम्ही पहिल्या पानावर.’ ते शब्द नीट वाचले तर निम्म्यांत आमच्याच दुकानाचं नाव होतं. आमचं नाव टाकून शोधणाऱ्याला आम्ही सापडणारच, ते आधीही सापडत होतो. उरलेले शब्द असे लांबलचक आणि वाकडे की कोणतीही गृहिणी ते टाइप करणार नाही. ‘आमसुलं ऑनलाइन’ किंवा ‘सोलकढीसाठी आगळ’ असं माणसं शोधतात, ते त्या यादीत नव्हतंच. गुगलचं सर्च कन्सोल फुकट असतं. त्यात लोक काय शोधून आपल्याकडे आले आणि किती जणांनी क्लिक केलं, हे सरळ दिसतं. ते बघायला द्या म्हटलं की दर वेळी विषय बदलायचे.

अहवालात ‘बॅकलिंक’ नावाचा मोठा आकडा असायचा. म्हणजे इतर साइटवरून आमच्या साइटकडे आलेले दुवे. पुढे मुंबईच्या भाच्याने ते उघडून पाहिले. जुगाराच्या साइट, परदेशी भाषांतली ओस पडलेली पानं, कोणीही काहीही चिकटवावं अशा याद्या. असे विकतचे दुवे गुगलच्या नियमांत बसत नाहीत. 2012 च्या एप्रिलमध्ये त्यांनी पेंग्विन नावाचा बदल आणला तो याच प्रकाराला आळा घालायला, आणि 2016 पासून असे बरेचसे दुवे ते मोजतच नाहीत. प्रकरण गंभीर असेल तर साइटवर कारवाईही होते. आमचे पैसे या कचऱ्यात गेले.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते सांगते. ते आमच्या साइटवर लेख टाकत. इंग्रजीतून यंत्राने भाषांतर केलेलं मराठी. एका लेखात आगळ हे ‘गोड, ताजंतवानं करणारं पेय’ असल्याचं लिहिलं होतं. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस, साखरेचा कणही नसलेला; गोड असतं ते कोकम सरबत. ठाण्याच्या एका काकूंनी तो लेख वाचून आगळाच्या बाटल्या मागवल्या, घरी पाहुण्यांना पाण्यात घालून दिलं, आणि मग मला फोन केला. त्या चिडल्या नव्हत्या, नुसत्या म्हणाल्या, “अगं, तुमच्याकडून असं व्हायला नको होतं.” ज्या घरात सासूबाईंच्याही आधीपासून दर वर्षी आगळ होतंय, त्या घराच्या नावाने हे छापलं गेलं.

दुसरा लेख याहून धोक्याचा. कोकमाने वजन उतरतं, मधुमेह बरा होतो, असं ठोकून दिलेलं. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा करायला बंदी आहे. 2018 चे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे अन्नसुरक्षा नियम आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पाकिटावर परवाना क्रमांक आमचा, साइटवर नाव आमचं. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, तुमच्या नावाने जाणारा प्रत्येक शब्द आधी स्वतः वाचा.

जाहिरातींच्या पैशांचं काय झालं, ते भाच्यामुळेच उघडकीला आलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर या क्षणी कोणत्या पेजच्या कोणत्या जाहिराती चालू आहेत, हे मेटा या त्यांच्या मालक कंपनीच्या जाहिरात संग्रहात (Ad Library) कोणालाही बघता येतं. पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. महिन्याचं जाहिरातीचं बजेट ‘चालू’ असल्याचं अहवालात होतं, त्याच आठवड्यात तिथे आमच्या पेजच्या नावापुढे एकही जाहिरात नव्हती. पुन्हापुन्हा पाहिलं, नव्हतीच. मेटाचं बिल दाखवा म्हटल्यावर ‘सगळ्या क्लायंटचं एकत्र बिल येतं’ असं उत्तर मिळालं. जाहिरातीचं खातं तुमच्या नावाने, तुमच्या कार्डावर असेल तर प्रत्येक रुपयाची पावती तुम्हालाच येते, आणि एजन्सीला पासवर्ड न देताही काम करण्यापुरता प्रवेश देता येतो. फॉलोअर वाढले होते, ते कुठल्याशा दूरदेशीचे, चेहरे नसलेले. त्यांतल्या एकानेही पावशेर आमसुलं घेतली नाहीत.

आम्ही काम थांबवायचं ठरवलं आणि तसं लेखी कळवलं. पाडवा तोंडावर आला होता, पहिल्या पेट्यांची विचारणा सुरू झालेली. उत्तरात ‘हँडओव्हर चार्ज’ म्हणून आणखी रक्कम मागणारा मेल आला, आणि थोड्याच दिवसांत साइट बंद. पत्ता टाकला की कोरं पान. डोमेन त्यांच्या खात्यात, नोंदणीवरचा ईमेल त्यांचा. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, आम्हाला कळवलं की खातेदाराच्या परवानगीशिवाय त्यांना काहीही करता येत नाही. फेसबुक पेजवरून आम्हाला काढलेलं. वर्षभराच्या कामाचं फळ म्हणून आमचं आधीचं होतं तेही ऐन आंब्यात त्यांच्या हातात.

त्या हंगामात आम्हाला तारलं ते जाऊबाईंच्या वह्यांनी. पहिल्या ऑर्डरीपासून त्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, काय घेतलं, पिकलेला आंबा हवा की अढीतला, अजून पिकायचा, हे सगळं लिहून ठेवत आल्या आहेत. त्या वह्या काढून आम्ही दोघींनी एकेकाला फोन केले. “काकू, साइट बंद आहे, पण पेट्या निघतायत, पाठवू का?” बहुतेक घरांतून ‘पाठव’ असंच आलं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी केली. तिथे एक ध्यानात ठेवा: एका यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून आता प्रत्येक पेटीत ‘हा नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी जाते, सोबत सोलकढीची कृती.

लांब पल्ल्याचं मार्केटिंग मी आता याच कसोटीवर बघते: महिना संपला तेव्हा आपल्या हातात काय आलं? गिऱ्हाइकांची यादी, आपण काढलेले फोटो, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला दिलेलं नीट उत्तर, आपल्या नावावरचं डोमेन, हे सगळं एजन्सी गेली तरी राहतं. नवीन साइटवर मी पहिला लेख लिहिला तो आगळ आणि सरबत यांतल्या फरकावर, घरच्या अंगणात वाळणाऱ्या रातांब्याच्या सालींच्या फोटोंसकट. साल रसात भिजवून पुन्हा उन्हात कशी टाकतात तेही दाखवलं. तो लेख वाचून आजही अनोळखी माणसं ऑर्डर देतात. प्रामाणिकपणे असं काम करणारी तरुण मुलं आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांना रास्त पैसे द्यायला माझी ना नाही. पण खाती तुमच्या नावाने ठेवूनच ती काम करतील. ज्याला आधी खाती हवीत, त्याला दारातूनच परत पाठवा.

तक्रारीबद्दल विचारणारे बरेच आहेत, म्हणून जे कळलं ते सांगते. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर होईल तशी रक्कम गोठवणं अवघड होतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, ती आम्ही नोंदवली. पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकावं लागलं. वकिलांनी जाहिराती न देता घेतलेल्या पैशांचे पुरावे वेगळे लावून दिले, त्यानंतर अर्ज घेतला गेला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते का यावर वाद होतो, तेव्हा तिथे जाण्याआधी वकिलाला विचारा. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही तपासता येतो. आमच्या बिलावरच्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली होती, म्हणजे करापोटी घेतलेले एकवीस हजार सहाशेही त्यांनीच ठेवले.

पैसे आलेले नाहीत, जुनं डोमेनही नाही. तक्रार चालू आहे, म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्याकडे असा करार चालू असेल तर आजच डोमेन कोणाच्या खात्यात आहे ते बघा, नोंदणीवरचा ईमेल आणि फोन तुमचा आहे ना ते बघा, पेजवर आणि गुगलच्या नोंदीवर मालक म्हणून तुमचं नाव आहे का ते बघा. नसेल तर भांडण काढण्याआधी, संबंध गोड असतानाच, ते सगळं लेखी मागून आपल्या नावावर करून घ्या. फोनवर दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी त्यांना मेलने लिहून पाठवा आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारा. आमच्या तक्रारीत आज सगळ्यात जास्त उपयोगी पडतोय तो असाच एक मेल, जाऊबाईंनी पाठवलेला, ज्याला त्यांच्या ‘सरांनी’ “हो मॅडम, हमी आहे” असं उत्तर दिलं होतं.